न तुटणारी दोरी आणि बोरस्त्यांचं शेततळं

आमच्या घराण्यात तोवर कोणी मासा पकडलेला नव्हता, आणि त्याबद्दल एकाही माशाने कधी तक्रार केलेली नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या मुलीने लग्न केलं. अनुजा कॅनडात असते. नोकरी तिकडे, लग्न तिकडे, आणि जावईही तिकडचाच. म्हणजे मूळचा नागपूरचा, पण आम्ही त्याला पाहिलं ते फक्त मोबाइलच्या पडद्यावर. नाव केदार. स्वभावाने शांत. इतका शांत, की व्हिडिओ कॉलवर चित्र अडकलंय की जावईच तसा बसलाय, हे कळायला वेळ लागायचा!

"जेवलात का, केदारराव?"

"हो, बाबा."

"काय जेवलात?"

"पोळी-भाजी."

मग मी भाजी कुठली ते विचारायचो, तो "फ्लॉवर" म्हणायचा, आणि आमचं त्या आठवड्याचं संभाषण संपायचं.

आणि हा मुलगा डिसेंबरात पहिल्यांदा आमच्या नाशिक रोडच्या घरी राहायला येणार होता! मी अनुजाला एकटीला गाठून फोन केला.

"मी त्याच्याशी काय बोलू? इतके दिवस भाज्या पुरायच्या नाहीत गं!"

"बाबा, तो तुला जाम घाबरतो."

"मला? मला घरात कोण घाबरतं? तुझी आई तर..."

"आई तर काय?" स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला. (सुनंदाला शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ऐकू येत नाही. माझं अर्धं वाक्य मात्र भिंतीपलीकडून ऐकू येतं.)

"ते जाऊ दे," मी आवाज खाली आणला. "त्याला आवडतं काय, ते सांग."

अनुजा मग म्हणाली, "बास फिशिंग."

"बास? फिशिंग, बास? दुसरं काहीच नाही?"

"बाबा, बास हे माशाचं नाव आहे! इकडच्या तळ्यांत असतो. रॉडने पकडतात."

आता इथे मी "अरे वा" म्हणून फोन ठेवला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासरा म्हणून मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी म्हणालो, "मग करू की! रॉड तिकडून आणू नका म्हणावं. मी घेऊन ठेवतो!"

सुनंदाने अट घातली, की घरात मासा येता कामा नये. मी ती लगेच मान्य केली. मासा माझ्या हाती लागेल अशी भीती मला स्वतःला मुळीच नव्हती.

पण रॉड घेणं म्हणजे छत्री घेणं नव्हे, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी मी जावयालाच विचारलं, "केदारराव, रॉड कुठला घेऊ?"

केदाररावांनी मान वळवून बाजूला पाहिलं. बाजूने अनुजा काहीतरी पुटपुटली. मग ते म्हणाले, "मीडियम हेवी."

"म्हणजे मीडियम की हेवी?"

पुन्हा बाजूला पाहणं, पुन्हा पुटपुट. "मीडियम हेवी, बाबा. दोन तुकड्यांचा. आणि दोरी गुंडाळायचं रील स्पिनिंगचं. दोरी साधी, पातळ."

नवऱ्याची आवड या पोरीने किती मनावर घेतलीय, म्हणून मला भरून आलं. रॉडचं काही कळलं मात्र नाही.

म्हणून मी सुधीरला बोलावलं. सुधीर म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ. ज्या विषयातलं त्याला काही कळत नाही, त्या विषयात त्याचा आवाज जास्त मोठा होतो. त्याने एका रात्रीत मासेमारीचे व्हिडिओ पाहिले आणि सकाळी आमच्याकडे आला तो थेट तज्ज्ञ होऊनच.

"भाऊजी, स्पिनिंग रील अजिबात घ्यायचं नाही! ते रॉडच्या खाली लोंबतं. पोरासोरांचं काम ते. आपण वर बसणारं घ्यायचं. कास्टिंग रील! मर्दानी!"

"अरे, पण जावई म्हणाले..."

"जावई संकोचाने म्हणाले असतील हो. सासऱ्याला खर्चात कसं पाडायचं, म्हणून!"

हे मात्र मला पटलं. (सुधीरचं हेच वाईट. मधूनच एखादं वाक्य पटतं.)

जुन्या बाजारात जाळी आणि गळ विकणारं एक दुकान शोधून आम्ही तिथे गेलो. मालकांनी विचारलं, "कुठला मासा धरायचाय?"

"बास," मी म्हणालो.

"बास काय, बास? आत्ताशी तर आलात! मासा सांगा ना."

"बास नावाचाच मासा."

"तो आपल्याकडं नाय. मरळ हाय, रोहू हाय, कटला हाय. कुठला पायजे?"

"मासा नकोय हो आम्हाला, रॉड हवाय!"

"पण मासा नको, तर रॉड कशाला?"

मग सुधीरने सूत्रं हाती घेतली. त्याने एकामागून एक रॉड उचलून दुकानातल्या दुकानात असे काही फिरवले, की वरच्या पंख्याला दोनदा प्रसाद मिळाला. शेवटी सगळ्यांत जाड, सगळ्यांत लांब आणि एकसंध असा एक रॉड त्याने निवडला. तो मीडियमही नव्हता आणि हेवीही नव्हता. त्याच्यावर 'एक्स्ट्रा हेवी' असं लिहिलेलं होतं. वर मर्दानी रील. आणि दोरी? साध्या पातळ दोरीला सुधीरने हातही लावला नाही. त्याने घेतली वेणीसारखी विणलेली हिरवी दोरी.

"ही तुटत नाही, भाऊजी. काय वाट्टेल ते होऊ दे, ही तुटणार नाही!"

सुधीरचं आयुष्यात एकच विधान शंभर टक्के खरं ठरलं, ते हे.

मासे पकडायला एक रबरी बेडूक मिळाला. पोटाखाली दोन भले मोठे गळ लपवलेला हिरवागार बेडूक! तो मी खिशात घातला आणि रॉड उभा धरून सुधीरच्या स्कूटरवर मागे बसलो. द्वारका चौकातल्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, झेंडा कुठं पडला?"

रॉड आमच्या लिफ्टमध्ये मावला नाही. जिन्याने नेताना प्रत्येक वळणावर तो कोणाच्या ना कोणाच्या बेलवर टेकत होता. दारं उघडत गेली. घरी पोचेपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळलं होतं, की मी मासे धरणार आहे.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सराव सुरू झाला. त्या वर बसणाऱ्या रीलची गंमत अशी, की फेकताना त्याच्यावर अंगठा हलकेच दाबून धरायचा असतो. नाही धरला, तर बेडूक थांबतो आणि रील फिरतच राहतं. पहिल्याच फेकीत बेडूक माझ्या पायाशी पडला आणि रीलमधून हिरव्या दोरीचा असा गुंता उसळून वर आला, की जणू सुगरणीने तिथे घरटं बांधलंय!

"अंगठा! भाऊजी, अंगठा कुठे होता?"

"हातालाच होता रे!"

तो गुंता सोडवायला सुनंदाने क्रोशाची सुई आणली. सोडवता सोडवता तिने माझ्याबद्दल, सुधीरबद्दल आणि दोघांच्या अकलेबद्दल जे काही सांगितलं, ते इथे लिहीत नाही. सुधीरबद्दलचं बरोबर होतं.

त्यानंतरच्या फेकीत मी अंगठा बरोबर धरला आणि बरोबर सोडला. बेडूक सुंदर उडाला. गच्चीच्या पलीकडच्या टोकाला गेला, जिथे शेजारच्या सोनवणेबाईंनी जुनी साडी अंथरून त्यावर आवळ्याची कँडी वाळत घातली होती. बेडूक साडीच्या काठावर उतरला. मी घाबरून रॉड मागे खेचला. एक्स्ट्रा हेवी रॉड! न तुटणारी दोरी! अख्खी साडी उचलली गेली, क्षणभर शिडासारखी फुगली आणि वर्षभराची आवळा कँडी कठड्यावरून खाली पार्किंगमध्ये बरसली. सोसायटीच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी गाडी धुऊन घेतली होती.

सोनवणेबाई वर आल्या. त्यांनी आधी साडीकडे पाहिलं, मग बेडकाकडे, मग माझ्याकडे.

"तुमच्या वयाला शोभतं का हे, काका?"

"जावई येतोय हो," मी म्हणालो.

आणि जावई आला. पाया पडला, सोफ्यावर बसला आणि गप्प झाला. सुनंदाने पोहे दिले. आम्ही दोघांनी ते अतिशय एकाग्रतेने खाल्ले. मी रॉड दाखवला, तेव्हा त्याने अनुजाकडे पाहिलं. अनुजाने रॉडकडे पाहिलं, रील पाहिलं, दोरी बोटाने चाचपली आणि कसनुसा चेहरा केला. "छान आहे, बाबा," ती म्हणाली. "जहाजावर वगैरे चालेल."

मासेमारीची जागा मी ठरवून ठेवली होती. बोरस्ते माझ्या जुन्या कचेरीतले सहकारी. निवृत्तीनंतर ते दिंडोरीकडे आपली द्राक्षबाग बघतात. बागेला पाणी द्यायला त्यांनी शेततळं केलंय आणि त्यात मासे सोडलेत. सुधीर ऐनवेळी सटाण्याला कोणाच्या तरी लग्नाला निघून गेला, हे आमचं त्या दिवसातलं एकमेव सुदैव. (तेव्हा मला वाईट वाटलं होतं!) बाकी आम्ही चौघे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाडीच्या खिडकीबाहेर निघालेला रॉड, असे सकाळी तिथे पोचलो.

शेततळं म्हणजे चांगलं मोठं, चौकोनी. चारी बाजूंनी उतार, आणि सगळं आतून जाड काळ्या प्लॅस्टिकने मढवलेलं. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून. काठाकाठाने लोखंडी खुंट्यांना गाठी मारलेले दोर बांधलेले.

"हे दोर कशाला हो?" मी विचारलं.

"कोनी आत घसरलं, तर वर यायला," बोरस्ते म्हणाले. "लय निसरडं राहतं, साहेब. काठापासून लांबच राहा तुमी."

मी हसलो. मग जावयापुढे रॉड धरला. "घ्या, केदारराव! पहिला मान तुमचा."

"नाही, बाबा, तुम्हीच..."

"अहो, घ्या हो!"

"नाही, खरंच, तुम्ही..."

एवढा विनय पाहून मी गहिवरलो आणि फेक मीच केली. आणि काय सांगू! अंगठा असा काही जमला म्हणता! बेडूक रेघ मारल्यासारखा गेला, पलीकडच्या काठाजवळ डुबुक करून पाण्यात पडला आणि मी रील फिरवायला लागलो, तोच दोरी ताठ झाली. रॉड वाकला!

"लागला! केदारराव, लागला!"

सुनंदा दशम्यांचा डबा टाकून उठली. "अगं बाई, खरंच? किती मोठा आहे?"

"फारच मोठा आहे! हलतसुद्धा नाहीये!"

इथे कोणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी मात्र पाय रोवून ओढायला लागलो. तिकडून बोरस्ते हात वर करून धावत आले.

"साहेब, कागद! कागद!"

"कसला कागद? सही नंतर करतो! आधी मासा!"

"अहो, कागद फाटंल!"

(शेततळ्यातल्या त्या प्लॅस्टिकला इकडे कागद म्हणतात. हे मला त्याच दिवशी कळलं, पण जरा उशिरा.)

"बाबा, ओढू नकोस!" अनुजा ओरडली. "दोरी ढिली सोड! रॉड खाली कर!"

"तू गप्प बस गं! केदारराव, तुम्ही सांगा, काय करू?"

"बाबा, ती सांगते ते ऐका," केदारराव काकुळतीने म्हणाले. "तिला कळतं त्यातलं."

"तिला काय कळतंय? तुम्हाला काय वाटतं ते सांगा!"

"मला? मला त्यातलं काहीच कळत नाही, बाबा!"

हे वाक्य नीट समजून घ्यायला मला वेळ हवा होता. तो मिळाला नाही. मी जोर लावायला एक पाय पुढे टाकला, तो काळ्या प्लॅस्टिकवर पडला, आणि रॉडसकट मी बसल्या बसल्या उतारावरून सरळ पाण्यात गेलो. घसरगुंडीवर मुलं जातात तसा, फक्त तोंडातून वेगळे शब्द काढत.

डिसेंबरातलं दिंडोरीचं पाणी! श्वासच बंद झाला. नशीब, त्या जागी पाणी छातीइतकंच होतं. पण उभं राहावं तर पाय सरकतो, काठ धरावा तर हात सरकतो. मला हात द्यायला केदारराव पुढे वाकले. पुढच्या क्षणी तेही माझ्या शेजारी छातीभर पाण्यात होते, चष्म्यासकट.

"अहो, तुम्ही कशाला उडी मारलीत?"

"उडी नाही मारली, बाबा. घसरलो."

बोरस्त्यांनी दोर टाकला. आम्ही दोघांनी तो धरला, पण कागद असा बुळबुळीत, की चढायला गेलं की पुन्हा खाली. वर सुनंदा आणि बोरस्ते ओढतायत, खाली आम्ही दोघे लोंबतोय. दातांवर दात आपटत होते. आणि अशा त्या अवस्थेत माझा जावई आपणहून बोलायला लागला.

"बाबा, एक सांगू का? रागावू नका. मासे मी पकडत नाही. अनुजा पकडते."

"काय?"

"मी नुसता थर्मास घेऊन काठावर बसतो. तुम्ही फोनवर विचारायचात, तेव्हा ती बाजूने सांगायची आणि मी तेच म्हणायचो."

"अहो, मग माझ्यापासून लपवलंत कशाला?"

"आई चिडतील म्हणून. तीच म्हणाली, की तुझ्या नावावर खपवू. जावयाला कोणी बोलत नाही."

हे सगळं आम्ही कुजबुजत बोललो होतो. पण मघाशी म्हटलं ना, सुनंदाला काय ऐकू येतं आणि काय नाही, ते. वरचा दोर एकदम ढिला पडला. आम्ही पुन्हा गळ्यापर्यंत गेलो.

"अनुजा!" सुनंदा म्हणाली. फक्त एवढंच. पण बागेतले पक्षी उडाले.

अनुजा पुढे आली. तिने वाकून माझ्या हातातला रॉड काढून घेतला (तो मी अजून सोडला नव्हता!), दोरी ढिली करत करत तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेली, सावधपणे खुंटीपाशी बसली आणि उलट्या बाजूने मनगटाला हलकेच दोन झटके दिले. बेडूक सुटून तिच्या हातात आला. पोरीने असं केलं, जसं आम्ही शर्टावरचं सूत काढतो.

सुनंदा बघतच राहिली. रागाने लाल झालेला तिचा चेहरा तसाच लाल होता, पण भुवया वर गेल्या होत्या.

"हे तिकडं शिकलीस तू?"

"हो, आई."

"आणि माशाचं काय करतेस?"

"काही नाही गं. बघते आणि परत पाण्यात सोडते."

सुनंदाने जरा विचार केला. मग म्हणाली, "परत एकदा टाकून दाखव बघू."

"अगं, आम्ही पाण्यात आहोत!" मी ओरडलो.

"आहात ना? मग थांबा जरा," ती म्हणाली.

अखेर बोरस्त्यांनी आणखी एक दोर कमरेला बांधायला दिला आणि आम्ही एकेक करून बाहेर निघालो. पण बोरस्त्यांचं तोंड उतरलं होतं. पलीकडच्या काठाला, पाण्याखाली हातभर खोलीवर, कागद टराटरा फाटला होता. तिथून पाणी खाली मुरत होतं. द्राक्षाचे मणी नेमके त्याच दिवसांत फुगत असतात, आणि बाग जगते ती याच पाण्यावर. सकाळपासून मी केलेलं सगळं हसण्यासारखं होतं. हे नव्हतं.

"साहेब, आता काय बोलू मी तुमाला," बोरस्ते एवढंच म्हणाले, आणि त्यांनी मोटर सुरू केली.

पाणी फाटलेल्या जागेच्या खाली उतरेपर्यंत मोटरने बागेला पाणी देत राहायचं आणि मग ठिगळ लावायचं, असं ठरलं. तोवर दुपार झाली. बोरस्त्यांच्या घरच्या लुंग्या आणि सदरे घालून, कमरेला दोर बांधून, केदार आणि मी उतारावर पालथे पडलो. तो कागद टॉवेलने पुसून कोरडा करायचा, मी ठिगळ ताणून धरायचं, आणि बोरस्ते गरम हवेच्या यंत्राने ते चिकटवायचे. या कामात केदार बोलत राहिला. कॅनडात पहिल्या हिवाळ्यात त्याला कसं रडू यायचं, ते. अनुजाने पहिला मासा पकडला आणि हा घाबरून थर्मास पाण्यात टाकून बसला, ते. आमच्याकडे येताना विमानात त्याने काय काय वाक्यं पाठ केली होती, तेही! मी इतका हसलो, की ठिगळ सुटलं आणि बोरस्ते खेकसले. पण दुसऱ्यांदा ते पक्कं बसलं, आणि पाणी गळायचं थांबलं. तेव्हा कुठे बोरस्ते हसले आणि त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

पलीकडे अनुजा आईला रॉड धरायला शिकवत होती. सुनंदाचा अंगठा पहिल्याच फेकीत बरोबर पडला. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तिने सगळ्यांना सांगितलंय.

घरी परतताना अनुजाने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. त्यात मी दोराच्या टोकाला आहे. निथळतोय, डोळे बाहेर आलेत, तोंड उघडं आहे, आणि वरून बोरस्ते मला खेचतायत.

सटाण्याहून सुधीरचा लगेच मेसेज आला : "बाप रे, ताई, केवढा मोठा! ठेवला की सोडून दिला?"

सुनंदाने माझ्या शेजारीच बसून, एका बोटाने, सावकाश टाइप केलं : "सोडला असता रे. पण या वयात कोणत्या पाण्यात सोडणार?"